शून्याची आडकाठी

शून्य हा माझा सर्वांत जुना आणि सर्वांत विश्वासू सोबती. शाळेत गणिताच्या पेपरात तो माझ्याबरोबर होता, कॉलेजात संख्याशास्त्राच्या पेपरात होता, आणि बँकेत नोकरीला लागल्यावर तर तो दर महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर माझ्या पासबुकातच मुक्कामाला येऊ लागला. तेव्हा शून्याबद्दल आपल्याला कोणी काही शिकवावं, अशी वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली. तीही वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात, चोविसेक वर्षांच्या एका मुलीकडून.

आमची शाखा औद्योगिक वसाहतीत आहे आणि मी बिलांच्या टेबलावर बसतो. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे एलसी, नावाचा एक प्रकार असतो. गिऱ्हाइकाची बँक म्हणते, अमुक कागद अमुक तारखेच्या आत आणून द्या, पैसे घेऊन जा. यातली गंमत अशी की बँक मालाशी व्यवहार करत नाही, कागदाशी करते. हा नियम मी केलेला नाही, जगभरच्या बँकांचा आहे. व्यापाऱ्याने पेटीत ट्रान्सफॉर्मर घातला की भोपळा, याच्याशी मला कर्तव्य नाही. कागदावर ट्रान्सफॉर्मर असला म्हणजे झालं. वीस वर्षं मी हेच करतोय. हजारो टन लोखंड, तांबं आणि रसायनं माझ्या टेबलावरून गेली असतील, पण त्यातलं काही मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. संन्याशाला संसाराची जितकी माहिती, तितकीच मला मालाची.

तर गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. एका गुरुवारी दुपारी आप्पा आले. आप्पांचा कारखाना आमच्या मागच्याच गल्लीत आहे. साठेक कामगार, एक क्रेन, आणि आप्पांचा पांढरा शर्ट. सगळी वसाहत त्यांना आप्पाच म्हणते. त्यांनी एका साखर कारखान्यासाठी ट्रान्सफॉर्मर बनवला होता. हे कारखाने उसाची चिपाडं जाळून वीज करतात. ती वीज जनित्रातून ११ हजार व्होल्टला बाहेर पडते आणि हा ट्रान्सफॉर्मर तिला ३३ हजारांवर चढवून बाहेरच्या लायनीवर सोडणार होता. गाळपाचा हंगाम तोंडावर आलेला. माल रवाना करायची एलसीतली शेवटची तारीख शनिवार. ट्रेलर दारात येऊन उभा, आणि त्याचं भाडं दिवसावर चढतंय. या बिलाचे पैसे आले की कामगारांचा बोनस व्हायचा होता.

“साहेब, कच्चे कागद एकदा नजरेखालून घाला,” आप्पा म्हणाले. “नंतर भानगड नको.”

मी घातले. बीजक ठीक, विमा ठीक. चाचणीच्या दाखल्यावर वीस-बावीस ओळी होत्या, प्रत्येकीसमोर आकडा होता, आणि सगळ्यांत खालच्या ओळीत लिहिलं होतं: ‘झीरो सीक्वेन्स इम्पीडन्स’. समोर एक आडवी रेघ.

मी कॉमर्सचा पदवीधर आहे. झीरो म्हटल्यावर समोर रेघ, हे मला इतकं योग्य वाटलं की मी बरोबरची खूण करून मोकळाही झालो. आमच्या खातेवहीत शिल्लक नसली की आम्हीही रेघच मारतो. पण चहा पिताना मनात पाल चुकचुकली. एलसीत शब्द होते: ‘झीरो सीक्वेन्स इम्पीडन्स मोजल्याचा दाखला’. मोजल्याचा! शून्य मोजायचं कसं? आणि मोजलं असेल, तर रेघ कशाला? मी कप तसाच ठेवून खूण खोडली आणि आप्पांना फोन केला.

आप्पा पाच मिनिटांत आले. त्यांचा चेहरा पाहून मला माझाच राग आला.

“अहो, झीरोच आहे ना ते?” ते म्हणाले. “मग शून्य घालू. आत्ता पोरीला सांगतो, रेघेच्या जागी शून्य छापून आणेल. दहा मिनिटांचं काम.”

खरं सांगतो, मला ते पटलं. बँकेच्या दृष्टीने रेघ हा दोष होता, शून्य हा आकडा होता. आकडा असला की माझं काम संपलं. साठ घरांचा बोनस, दारातला ट्रेलर, शनिवार... आणि आडवा कोण, तर एक शून्य! मी म्हणालो, “चालेल.”

अर्ध्या तासाने कागद आला नाही. त्याऐवजी आप्पा आले आणि त्यांच्यामागे त्यांच्या चाचणी विभागातली मुलगी. डोळ्यांवर चष्मा, हातात वही.

“सर, मी शून्य लिहिणार नाही,” ती मला म्हणाली. आप्पांशी तिचं आधीच भांडण होऊन चुकलेलं दिसत होतं. “झीरो हे त्या क्रमाचं नाव आहे. किंमत नाही.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे एखाद्या माणसाचं आडनाव कोट्याधीश असलं म्हणून तुम्ही त्याला कर्ज द्याल का?”

हा मुद्दा बँकेच्या माणसाला लगेच कळतो. मी गप्प बसलो.

मग तिने सांगितलं ते असं. चाचण्या तीन जातींच्या: प्रत्येक नगावर करायच्या त्या नित्याच्या, नमुन्यावर करायच्या त्या दुसऱ्या, आणि गिऱ्हाइकाने मागितल्या तरच करायच्या त्या खास. ही खास जातीतली. ऑर्डरच्या सतराव्या पानावर साखर कारखान्याने ती मागितली होती आणि आप्पांच्या ऑफिसात सोळाव्या पानापुढे कोणी वाचलं नव्हतं. उंच तारांवर सर्वांत जास्त वेळा घडणारा बिघाड म्हणजे तीनपैकी एकच तार जमिनीशी भिडणं. कधी झाडाची फांदी पडून, कधी पिन फुटून. तेव्हा जमिनीतून किती प्रवाह वाहील हे ज्या आकड्यांवर ठरतं, त्यांतला एक हा. त्या हिशेबावर रिले लावतात. रिले म्हणजे बिघाड झाल्याबरोबर लाईन बंद करायला लावणारा पहारेकरी.

“आपण शून्य लिहिलं, तर हिशेब करणारा म्हणेल, जमिनीच्या वाटेला ट्रान्सफॉर्मरची आडकाठीच नाही, प्रवाह भरपूर येईल. तो रिले त्या बेताने लावेल. उद्या खरी तार तुटून शेतात पडली, की प्रवाह येईल त्याहून कमी. रिलेला वाटेल काही झालंच नाही. आणि तार शेतात पडलेली.”

आप्पा खुर्चीत बसले. त्यांनी शर्टाच्या खिशातून चष्मा काढला, पुसला आणि न घालताच परत ठेवला. “किती वेळ लागेल?” त्यांनी विचारलं.

“मोजायला अर्धा तास. जोडायला संध्याकाळ.”

“मग जोड.”

मी पाचला सुटलो तो घरी न जाता मागच्या गल्लीत गेलो. का, ते नक्की सांगता येणार नाही. मी “चालेल” म्हणालो होतो, तो शब्द घशात अडकला होता असं समजा. शिवाय वीस वर्षांत कागदामागचा माल पाहायची ही पहिलीच वेळ.

माल प्रचंड होता. कागदावर एका ओळीत मावणारा ‘१० एमव्हीए’ प्रत्यक्षात आमच्या स्ट्राँगरूमएवढा होता. बाजूला पंख्यांसारखे रेडिएटर, डोक्यावर चिनीमातीचे खांब. एका बाजूला चार खांब, दुसऱ्या बाजूला तीन. दोन फिटर चौघांच्या बाजूला चढून तांब्याच्या पट्ट्या आवळत होते. चहा आला आणि मुलीने माझी शिकवणी घेतली.

“तीन फेजमधला प्रवाह एकाच वेळी एका दिशेला नसतो. तिघांत एक तृतीयांश फेऱ्याचं अंतर असतं. त्यामुळे तिघांची बेरीज कायम शून्य. चौथा खांब तो न्यूट्रल. सगळं सुरळीत असताना त्यातून काहीच जात नाही.”

हे मात्र मला तत्काळ समजलं. कारण आमच्या शाखेत मॅनेजर, अकाउंटंट आणि लोन ऑफिसर असे तीन अधिकारी आहेत आणि तिघांची तोंडं नेमकी एक तृतीयांश फेऱ्याच्या अंतराने तीन दिशांना असतात. मॅनेजर म्हणतात कर्ज द्या, लोन ऑफिसर म्हणतात तारण कुठाय, अकाउंटंट म्हणतात आधी सही जुळवा. बेरीज शून्य, आणि शाखा सुरळीत चालते. माझ्या टेबलापर्यंत काही पोचत नाही.

“आणि तिघंही एकाच वेळी एकाच दिशेला गेले तर?” मी विचारलं.

तिने माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. “तोच झीरो सीक्वेन्स. तिघांत अंतर शून्य. मग बेरीज शून्य होत नाही, तिप्पट होते, आणि ती सगळी न्यूट्रलमधून जाते.”

तपासणीसाचा दिवस! वर्षातून एकदा हेड ऑफिसचा तपासणीस येतो, तिन्ही अधिकारी एका सुरात, एका दिशेला धावत सुटतात, आणि तो तिप्पट प्रवाह माझ्या टेबलावरून जमिनीत जातो. आजवर मी याला नशीब म्हणत होतो. त्याला शास्त्रीय नाव आहे हे ऐकून बरं वाटलं.

हे शास्त्र फॉर्टेस्क्यू नावाच्या, कॅनडात जन्मलेल्या इंजिनियराचं. १९१८ साली अमेरिकेत त्यांनी एक लांबलचक निबंध वाचला. म्हणणं एवढंच, की तीन फेजचा कितीही विस्कळीत कारभार असो, तो तीन नीटनेटक्या संचांत वाटता येतो: एक सुलट्या क्रमाचा, एक उलट्या क्रमाचा, आणि एक तिघं बरोबर चालणाऱ्यांचा. बिघाडाचा गुंता मग तीन सोपे हिशेब होतात. माझ्या मते हा माणूस आमच्यात आला असता तर चीफ अकाउंटंट झाला असता. सस्पेन्स खात्यात पडलेली खिचडी तीन वह्यांत वाटून देणारा माणूस अजून आमच्या बँकेला मिळालेला नाही.

“पण मग या तिघांना आडकाठी कोण करतं?” मी विचारलं.

“ते आत कसं गुंडाळलंय त्यावर. आपल्या ट्रान्सफॉर्मरची ११ हजारांची बाजू डेल्टा आहे. तीन गुंडाळ्या एकमेकींना टोकाला टोक जोडून बंद त्रिकोण केलाय. तिघं एका दिशेला निघाले, की त्या त्रिकोणात तेवढाच विरोधी प्रवाह आतल्या आत गोल फिरतो आणि समतोल राखतो. बाहेर काही जात नाही. त्या बाजूच्या जनित्राला पत्ताही लागत नाही. म्हणून आडकाठी कमी.”

“आणि डेल्टा नसला तर?”

“मग गाभ्याच्या तीन खांबांतलं चुंबकत्व एकाच दिशेला वर चढतं. परतायला चौथा खांब नसतो. ते गाभा सोडून तेलातून बाहेर पडतं आणि टाकीच्या पत्र्यातून वाट काढत परत येतं. आडकाठी कितीतरी पटींनी वाढते, प्रवाहाबरोबर बदलते, आणि पत्रा तापतो. अशा ट्रान्सफॉर्मरची चाचणी फार वेळ चालवायची नसते. बिचाऱ्या टाकीचा काही संबंध नसतो, पण तापते ती.”

मी चहाचा कप खाली ठेवला. आमच्या शाखेत पूर्वी कॅन्टीन होतं. तिथे दुपारी सगळे एकमेकांवर तोंडसुख घ्यायचे, आतल्या आत गोल फिरायचं आणि साडेतीनला शांतपणे टेबलावर यायचे. काटकसरीत कॅन्टीन बंद झालं. तेव्हापासून मी ते सगळं घरी नेतो. गेली सहा वर्षं दर तपासणीनंतर मी घरी जाऊन आमटीत मीठ जास्त आहे म्हणतो. बायकोचा बँकेशी काही संबंध नाही. पण तापते ती.

सातच्या सुमारास जोडणी झाली. ३३ हजारांच्या बाजूचे तिन्ही खांब पट्टीने एकमेकांना बांधले होते. ते तिघं मिळून एक टोक, न्यूट्रल हे दुसरं. या दोहोंमध्ये साधा सिंगल फेजचा, पण जपून वाढवता येणारा पुरवठा. डेल्टाच्या बाजूला काहीच जोडलं नव्हतं. तो आतून बंद असतो, त्याला बाहेरची गरज नाही. मला पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर उभं केलं. मुलीने चक्र फिरवायला सुरुवात केली, आणि तो हत्तीएवढा ट्रान्सफॉर्मर अगदी हळू गुणगुणू लागला.

“तीस अँपियर,” फिटर म्हणाला.

“व्होल्ट अठ्ठ्याहत्तर,” ती म्हणाली आणि वहीत लिहिलं. मग ४५ अँपियरला ११७ व्होल्ट. मग ६० ला १५६.

मला राहवेना. इतका वेळ मी नुसता ऐकत होतो. पण भागाकार हा माझा प्रांत. “एकशेछप्पन्न भागिले साठ, दोन पूर्णांक सहा!” मी कॅल्क्युलेटरशिवाय सांगितलं. “लिहा, दोन पूर्णांक सहा ओहम.”

“तीनने गुणायचं राहिलं, काका.”

इतका वेळ मी सर होतो. तीनने गुणायचं राहिलं आणि काका झालो.

“न्यूट्रलमधून साठ जातायत,” ती म्हणाली, “पण एकेका फेजमधून किती?”

मी विचार केला. तिघांचं जॉइंट खातं. एकूण भरणा साठ. एकेकाचा वाटा वीस. आडकाठी एकेकाची मोजायची, तर व्होल्टला साठने नाही, वीसने भागायचं. एकशेछप्पन्न भागिले वीस.

“सात पूर्णांक आठ!” मी ओरडलो. फिटर दचकला.

“सात पूर्णांक आठ,” ती म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. ७८ ला ३० ने भागून तीनने गुणलं तरी ७.८. ११७ आणि ४५ घेतले तरी ७.८. डेल्टा असला म्हणजे आकडा प्रवाहाबरोबर डळमळत नाही. नेहमीच्या सुलट्या क्रमाची आडकाठी तिने आधीच मोजली होती, ती होती ८.७ ओहम. “म्हणजे त्याच्या साधारण नव्वद टक्के. अशा ट्रान्सफॉर्मरला एवढीच यायला हवी.”

आप्पा इतका वेळ दारात उभे होते. ते आत आले, वहीत डोकावले आणि बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. “पस्तीस वर्षं धंदा केला,” ते म्हणाले, “पण हा आकडा ज्यांनी ज्यांनी मागितला, त्यांना तो कशाला लागतो ते मी कधी विचारलं नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “साहेब, तुम्ही दुपारी चालेल म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं होतं. आणि ही पोरगी नाही म्हणाली तेव्हा हिला काढून टाकावंसं वाटलं होतं.”

“मग?”

“मग काय? ट्रेलरवाल्याला सांगून येतो, पहाटे निघायचंय म्हणून.”

शुक्रवारी पक्का दाखला माझ्या टेबलावर आला. शेवटच्या ओळीत ‘७.८ ओहम प्रति फेज’. मी बरोबरची खूण केली. खरं तर नियमाप्रमाणे तिथे कोणताही आकडा असता, तरी मी तीच खूण केली असती. कागदाला दोन्ही खुणा सारख्याच दिसतात. दोहोंतला फरक मला, त्या मुलीला आणि आप्पांना ठाऊक आहे, आणि कधीतरी एखाद्या पावसाळ्यात एखाद्या उसाच्या शेतात कोणाला तरी तो उपयोगी पडेल. त्याला मात्र तो कळणार नाही. वेळेवर लाईन बंद झाली म्हणून तो वीज मंडळाला शिव्याच देईल.

त्या गुरुवारी घरी पोचायला नऊ वाजले होते. बायको दारातच होती.

“कुठे होतात इतका वेळ?”

“शून्य मोजत होतो.”

“निघालं किती?”

“सात पूर्णांक आठ.”

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. “वीस वर्षं बँकेत काढून शून्य मोजायला चार तास, आणि तेही चुकलं,” ती म्हणाली आणि पानं घ्यायला आत गेली.

आमटीत मीठ जास्त होतं. या वेळी खरोखरच होतं. मी दोनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशीपासून आम्ही तिघं कारकून दुपारी तीन वाजता कोपऱ्यावरच्या टपरीवर जातो. एक मॅनेजरला शिव्या घालतो, दुसरा अकाउंटंटला, मी लोन ऑफिसरला. पंधरा मिनिटं सगळं आतल्या आत गोल फिरतं. मग चहाचे पैसे देऊन परत येतो. पैसे तिघांत वाटून. भागाकार मी करतो, आणि आता तो चुकत नाही.